ह्येच्यानंतर ह्यो गायलो काय रे?

भजन मंडळ आमच्या घरची आरती आटोपून पुढच्या घरी गेलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पडवीत सतरंज्या तशाच पडलेल्या, उसळीच्या रिकाम्या वाट्या खांबाशी सरकवलेल्या, अगरबत्तीचा आणि ओल्या चपलांचा वास एकात एक मिसळलेला. लाइट संध्याकाळीच गेली होती. गणपतीवरच्या माटवीला, त्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडळं, ही रानफळं, समईच्या उजेडात पिवळी दिसत होती आणि कौलांवर पाऊस एका लयीत पडत होता. भाऊकाका तेवढे मागे राहिले होते. पखवाज मांडीवर आडवा घेऊन डाव्या पुडीवरची वाळत आलेली कणीक ते नखानं हलकेच सोडवत होते. हे काम ते कधी कुणाला करू देत नाहीत. मी खांबाला टेकून हेडफोन लावून बसलो होतो. दिवसभराच्या पाहुण्यांनंतर मला माझं काहीतरी ऐकायचं होतं.

"काय आयकतस रे?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. गाणं बदलायला वेळ मिळाला नाही. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि मनातून आक्रसून गेलो. आत 'डेथ' या बँडचा 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' चालू होता. डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत-ओरडत गायलेला वेगवान, जड रॉक. घरातल्या कुठल्याही माणसाला हे ऐकवलं की पुढचं वाक्य काय येणार ते मला वीस वर्षं पाठ आहे: हा गातोय की ओरडतोय? काका डोळे मिटून बसले. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर मात्रा मोजत होतं. मोजताना ते एकदा अडखळलं, थांबलं, पुन्हा समेवर आलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्यांनी हेडफोन काढला, खांद्यावरच्या पंच्यानं पुसून माझ्या हातात दिला आणि विचारलं,

"ह्येच्यानंतर ह्यो गायलो काय रे?"

मी म्हटलं, "नाय, काकानू."

"वाटलाच माका," म्हणाले, आणि पुन्हा कणीक सोडवायला लागले.

त्या 'वाटलाच'नं मला रात्रभर झोपू दिलं नाही. इंग्रजी न कळणारा, हे संगीत उभ्या आयुष्यात न ऐकलेला सत्तरीतला माणूस, आणि त्यानं जे विचारलं ते मला वीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

हा अल्बम १९९८चा. चक शुल्डिनर या माणसानं फ्लोरिडात हा बँड उभा केला आणि १९८७ ते १९९८ या काळात सात अल्बम काढले. बँड कसला, चक आणि सतत बदलणारे साथीदार. पहिल्या अल्बमांत त्याचा आवाज खोल, खरखरीत, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग अल्बमागणिक तो वर चढत गेला. या शेवटच्या अल्बमात तर तो इतका वर गेला की त्याची तार झाली. पातळ, टोकदार, तुटेल की काय असं वाटायला लावणारी. हे संगीत ऐकणाऱ्यांत या आवाजावरून उभे दोन तट आहेत. काहींच्या लेखी हे त्याचं सगळ्यात मोठं काम. गिटारचं असं विणकाम, एवढा मोठा आवाका त्याआधी कुणी केला नव्हता, असं ते सांगतात. बाकीचे म्हणतात, गाणी लांबली, ड्रमवाला थांबतच नाही, हे आता डेथ मेटल उरलंच नाही, आणि आवाज तर गेलाच. मी या दुसऱ्या तटातला. 'आवाज गेला' हे माझं या अल्बमबद्दलचं मत, आणि ते मी कुठल्याही वादात छातीठोकपणे मांडत आलो.

हे मत जिथं तयार झालं ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. २००३चा जुलै, रत्नागिरी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघांनी भाड्यानं घेतलेली माडीवरची खोली. भिंतीला ओल आलेली, दोरीवर चार-चार दिवस न वाळणारे कपडे, आणि एका कोपऱ्यात मित्राचा सीडी प्लेयर. मित्र मुंबईहून शिकायला आलेला. त्याच्याकडे कॉपी केलेल्या सीड्यांची चळत, त्यांवर मार्करनं लिहिलेली नावं. मुंबईत तेव्हा 'डेमॉनिक रिझरेक्शन'सारखी पोरं तीन वर्षांपासून हेच संगीत स्वतः वाजवत होती, पण रत्नागिरीत आम्हाला मित्राच्या बॅगेतून येईल तेवढंच जग. आधी त्यानं 'डेथ'चा 'लेप्रसी' ऐकवला, १९८८चा. मग 'ह्युमन', मग 'सिम्बॉलिक'. 'सिम्बॉलिक'नं मी वेडा झालो. जीन होग्लनचे ड्रम ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या भजनाच्या गजरातली चढती लय हिथंही आहे, फक्त पायांनी वाजवलेली. आणि मग शेवटचा अल्बम आला. मित्र मन लावून ऐकत होता, मी मात्र दुसऱ्याच गाण्याला म्हटलं, याचा आवाज गेला.

वाद रात्री दोनपर्यंत चालला. खालच्या घरमालकीणबाईंनी छताला काठी आपटली तेव्हा थांबलो. मित्राचं म्हणणं, गिटार काय सांगतेय ते ऐक. माझं म्हणणं, गायक नीट नसेल तर बाकीच्या साथीचं काय करायचं? शेवटी आम्ही एका गोष्टीवर समेट केला: पुढच्या अल्बमात तो आवाज सुधारून घेईल. दोघांनीही हे मान्य केलं आणि झोपलो.

तो माणूस १३ डिसेंबर २००१ला गेला होता. दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

ते कळलं चार-पाच दिवसांनी. मित्र सायबर कॅफेतून भिजत आला, छत्री न मिटताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, अरे, पुढचा अल्बम नाही. मेंदूतला ट्यूमर. वय चौतीस. आम्ही दोघं काही न बोलता बसलो. मग त्यानं तीच सीडी लावली आणि ती ऐकता ऐकता म्हणाला, बघ, आता कळतंय ना, आवाजात दुखणं होतं. मला ते पटेना. अल्बम १९९८चा, ट्यूमरचं निदान मे १९९९मधलं. गाताना त्याला काही माहीत नव्हतं. त्याचं मरण आपण मागून नेऊन त्याच्या आवाजात ठेवायचं आणि मग ते ऐकू येतंय म्हणायचं, हे मला खोटं वाटलं. त्याच्यावर अन्याय वाटला. माणूस गेला म्हणून त्याचं गाणं आपोआप चांगलं होत नाही. मी तेव्हा हे तावातावानं बोललो आणि आजही मला ते चुकीचं वाटत नाही. पण त्या हट्टापायी एक झालं. मरणाचं कारण बाजूला ठेवलं तसं मी ऐकणंही बाजूला ठेवलं. आवाज गेला, विषय संपला. वीस वर्षं मी हा अल्बम फक्त गिटारसाठी लावत आलो आणि आवाज आला की मन दुसरीकडे वळवत आलो.

सकाळी काका पडवीत चहा पीत बसले होते तिथं मी जाऊन बसलो. पाऊस उघडला होता. परसातल्या केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि समुद्राची गाज, जी पावसात ऐकू येत नाही, ती पुन्हा सुरू झाली होती. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. हा माणूस कोण, कुठला, कसा आजारी पडला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"आजाराचा माका सांगा नको. ता मागसून."

मग त्यांनी एका बारीची गोष्ट काढली. आणि माझ्या लक्षात आलं की त्या बारीला मी होतो.

आमच्याकडे डबलबारी म्हणजे काय ते तळकोकणातल्या माणसाला सांगायला नको. देवळासमोर मांडव, समोरासमोर दोन मंडळं, दोन बुवा, रात्री दहाला सुरू झालेलं भजन पहाटेपर्यंत चालायचं. मी तेव्हा सहावीत असेन. देवगड तालुक्यातल्या एका देवळात बारी होती. ज्या बुवांना काका बावीस वर्षं साथ करत होते ते एका बाजूला, आणि समोर एक तरणा बुवा, ज्याच्या गळ्याची तेव्हा गावोगाव चर्चा होती. मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलो होतो. पहाटे कशानं तरी जाग आली. पेट्रोमॅक्सभोवती पाखरांचा खच पडलेला, माणसं घोंगड्या गुंडाळून बसलेली, आणि मांडवातून एक आवाज येत होता जो मी ओळखलाच नाही. आमच्या बुवांचा आवाज रुंद, भरदार. आणि हा आवाज म्हणजे तार. वरच्या पट्टीत ताणून धरलेली, मधेच चिरकणारी, तरी खाली न उतरणारी. कोरस त्यांच्यामागून ओढल्यासारखा येत होता. मला भीती वाटली, एवढं आठवतं. मी आजीचा पदर ओढून विचारलं, कोण गाता? ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या हॉटेलात बाबांबरोबर गेलो तर तिथं हीच चर्चा. आमच्याकडे बारी एकदा देवळात होते आणि मग आठवडाभर हॉटेलात होते. कुणी म्हणे तरण्या बुवानं मैदान मारलं, कुणी म्हणे गजर आपल्या बुवांचाच. सिनेमाच्या चाली लावल्या म्हणून कुणी चिडलेला, कुणी त्याच चाली गुणगुणत भज्याचा तुकडा मोडत होता. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: बुवांचो आवाज गेलो. मी शाळेत जाऊन पोरांना हेच सांगितलं. मोठ्या माणसासारखी मान हलवून. ज्या आवाजानं पहाटे अंगावर काटा आला होता त्याबद्दल मी हॉटेलातलं वाक्य उचलून बोललो, आणि ते बोलल्यावर अंगावरचा काटाही विसरलो.

काका सांगत होते, त्या रात्री बुवांनी थर्मास उघडलाच नाही. बुवांचा थर्मास मला माहीत होता. निळ्या रंगाचा, आत कोमट पाणी, झाकणात ज्येष्ठमधाची काडी. दर अभंगानंतर दोन घोट, हा नेम. पहिल्या बारीत आवाज अर्धा ठेवायचा, दुसरीला काढायचा, पहाटेच्या गजराला सगळा मोकळा सोडायचा, अशी त्यांची वाटणी. बावीस वर्षांत काकांना ती वाटणी हातात बसली होती. बुवा आवाज राखतायत तोवर काका थाप बांधून ठेवत, बुवांनी सोडला की काकाही सोडत. आणि त्या रात्री पहिल्याच अभंगाला बुवांनी सगळा आवाज सोडला. काकांना वाटलं, चुकले. मग थर्माससाठी हात पुढे गेला नाही, तेव्हा कळलं.

"लोक म्हणाले आवाज गेलो. आवाज खय गेलो? तेंनी तो राखूक नाय. माणूस ठरवता ना, हा शेवटचा म्हणान, तेवा तो राखणा नाय."

बुवांनी त्यानंतर बारी घेतली नाही. कुणाला सांगून सोडली नाही, सुपारी आली की नको म्हणत राहिले. पुढे दहा-बारा वर्षं जगले. आरतीला मागं उभे राहून टाळ वाजवायचे, तोंड मिटून.

मी फोन काढून तारखा पुन्हा ताडून पाहिल्या, जरी त्या मला पाठ होत्या. १९९९ला चकनं 'कंट्रोल डिनाइड' या आपल्या वेगळ्या बँडचा अल्बम काढला. गिटारवाला शॅनन हॅम तोच, ड्रमवर रिचर्ड ख्रिस्ती तोच, गाणी चकचीच. पण गायला टिम एमार, स्वच्छ, चढ्या, सुरेल आवाजाचा. चकनं माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः गिटार घेऊन बाजूला उभा राहिला. हे मला २००३पासून माहीत होतं. एका बाजूला हा अल्बम, एका बाजूला तो अल्बम, दोन्ही माझ्या फोनमध्ये. आवाजावर एवढा वाद घातला, पण ज्या माणसानं पुढच्याच वर्षी स्वतःचा आवाज खाली ठेवला तो आदल्या वर्षी कसा गायला असेल, हे मी एकदाही मनात आणलं नाही. काकांनी ते दोन-तीन मिनिटांत ऐकलं. चकनं खरंच तसं ठरवून गायलं असेल का? ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि काकांचं ऐकून आता नवं मत उचलावं असंही मला वाटत नाही. हॉटेलातलं वाक्य उचललं ते एकदा पुरे झालं. पण त्या दिवशी दुपारी मी माळ्यावर जाऊन सगळा अल्बम पहिल्यापासून ऐकला, आणि या खेपेला आवाज आला की मन दुसरीकडे नेलं नाही.

माळ्यावर उकडत होतं. पावसाची सर येण्याआधी आमच्याकडे जी कोंडी होते तशी. मला नेहमी वाटतं, हे संगीत ऐकणारे लोक बर्फ, काळे डोंगर, पाइनची जंगलं असलं काहीबाही मनात आणतात. प्रत्यक्षात यातलं केवढंतरी संगीत टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झालं, आणि हा अल्बमही तिथलाच. टँपा म्हणजे खाडीकाठचं गाव. दमट हवा, उन्हाळ्यात दुपारच्या गडगडाटी सरी, वादळांची भीती, फ्लोरिडात आंबासुद्धा होतो. घामानं चिकटणाऱ्या शर्टात वाजवलेलं संगीत आहे हे. त्या आवाजाला गारठ्याची कोरड नाही, आपल्याकडे सर यायच्या आधी जीव वर येतो तसा तो वर आलेला आहे. पहिलं गाणं ड्रमच्या फेकीनं उघडतं, तिसरं बेसच्या एका ओळीनं. 'फ्लेश अँड द पॉवर इट होल्ड्स' आठ मिनिटांच्या वर जातं आणि मला अजूनही वाटतं की ते मधे सैल पडतं. शेवटी 'ज्युडास प्रीस्ट' या दुसऱ्या बँडचं 'पेनकिलर' घेतलंय, तेही मला इतकी वर्षं अनावश्यक वाटत आलं होतं. एवढं स्वतःचं सांगून झाल्यावर दुसऱ्याचं गाणं कशाला? या खेपेला तिथं पोचेपर्यंत मी थकून गेलो होतो, आणि तो मात्र अजून वर, आणखी वर जात होता, ज्या गायकाची पट्टी सगळ्यांना अवघड त्याचं गाणं मुद्दाम शेवटाला घेऊन. मी त्याला थर्माससाठी हात पुढे करताना ऐकलं नाही. एवढंच म्हणेन.

मित्र आता मस्कतला असतो. त्याला मी संध्याकाळी लिहिलं की काकांनी असं असं विचारलं. वीस वर्षांनी मी त्याच्या तटात येतोय असं त्याला वाटू नये म्हणून हेही लिहिलं की आवाज मला अजूनही टोचतो. त्याचं उत्तर रात्री आलं: टोचू दे ना.

गौरी-गणपती विसर्जनाला गेले त्या दिवशी, पाट रिकामा झाल्यावर घरात जी एक पोकळी येते तिच्यात आम्ही दोघं बसलो होतो. काकांनी स्वतःहून हेडफोन मागितला. म्हणाले, त्याचं वाजवणारा बरा आहे, "पण जरा जास्तीच वाजवता. गाणाऱ्याक जागा देवक व्हयी." हे मत मी मित्रांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं, मात्र पखवाजाचे घट्टे पडलेल्या बोटांच्या माणसाकडून पहिल्यांदा. मी त्यांना 'व्हॉइस ऑफ द सोल' लावून दिलं. त्यात गाणं नाही आणि ड्रमही नाहीत, फक्त गिटार. साधी गिटार तळाशी धरून ठेवलेली, आणि तिच्यावर दुसरी हळूहळू रडत वर चढते. काकांचा उजवा हात सवयीनं पखवाजाकडे गेला, पुडीच्या वर एका बोटाच्या अंतरावर थांबला, आणि परत मांडीवर आला. पुढची साडेतीन मिनिटं तो तिथंच होता. बोटानं मात्रा मोजली नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला नाही. जरा मोठ्यानं, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं, विचारलं, "ह्या कितवा?"

"सहावा."

"एकूण किती?"

"नऊ."

"मगे अजून तीन आसत. लाव तर."